कोर्टाचा कागद घरी आला तर? लोकअदालत, मोफत वकील आणि गावात येणारं कोर्ट यांची कामाची माहिती

सरावली (ता. पालघर) : आमच्या नात्यातल्या एका काकींच्या घरी ग्रामपंचायतीचा शिपाई छापील कागद देऊन गेला. वर मोठ्या अक्षरात ‘राष्ट्रीय लोकअदालत’, खाली घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी आणि एक तारीख. काकींना वाचता येत नाही. नातवाने वाचून सांगितलं ते एवढंच, “आजी, तुला कोर्टात बोलावलंय.” त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी ओळखीतलाच एक माणूस आला, “माझी कोर्टात ओळख आहे, मिटवून टाकतो” म्हणाला आणि दीड हजार घेऊन गेला. थकबाकी होती सगळी मिळून तेवीसशे रुपयांची. मिटलं काहीच नाही, आणि ते दीड हजार अजून परत आलेले नाहीत.

तो कागद समन्स नव्हता. काकींवर केस नव्हती, पोलीस येणार नव्हते. तारखेला जाऊन दोन गोष्टी बोलायच्या होत्या, बस. हे सांगणारं त्या दिवशी घरात कुणी नव्हतं म्हणून दीड हजाराला खड्डा पडला. असे काका-काकी आपल्या तालुक्यात गावोगाव आहेत, म्हणून ही माहिती एका जागी लिहून ठेवतोय. फोनमध्ये जपून ठेवा, वेळेला उपयोगी पडेल.

कागद कुठला आहे ते आधी ओळखा

घरी येणारा कायद्याचा प्रत्येक कागद कोर्टाचा नसतो. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

काकींना आली ती ‘दाखलपूर्व’ नोटीस. म्हणजे केस अजून दाखल झालेलीच नाही. ग्रामपंचायत, बँक, पतसंस्था, महावितरण, फोन कंपनी यांची येणी असतात. कोर्टात दावा टाकण्याआधी एकदा बसून बघू, म्हणून ते आपली यादी विधी सेवा समितीकडे देतात आणि समितीमार्फत लोकांना लोकअदालतीला बोलावलं जातं. गेला नाहीत म्हणून कुणी अटक करत नाही. पण जाणं फायद्याचं. न गेल्यास पुढे खरोखर वसुलीची कारवाई किंवा दावा होऊ शकतो.

दुसरा कागद वकिलाचा. त्यावर वकिलाचं नाव, पत्ता असतो आणि सुरुवातच ‘माझ्या अशिलाच्या सांगण्यावरून’ अशा धर्तीची असते. ही समोरच्या माणसाची नोटीस, कोर्टाची नाही. तरी फेकून देऊ नका. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली असेल तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायची मुदत असते. ती गेली की फौजदारी केस करायचा रस्ता समोरच्याला मोकळा होतो.

तिसरं समन्स. यावर कोर्टाचं नाव, शिक्का, केस नंबर आणि हजर राहायची तारीख असते. हे टाळायचं नाही. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं, कोर्टाने परवानगी दिली तर ९० दिवसांपर्यंत. ‘मी कागद घेतलाच नाही’ म्हणून सुटका होत नाही, उलट दावा एकतर्फी चालतो. जमिनीच्या दाव्यात आपल्याकडे कित्येकांचं नुकसान असंच झालंय. कागद घ्यायला नकार दिला आणि घरी बसून राहिले.

केस खरी की खोटी हे फोनवरही बघता येतं. प्रत्येक केसला १६ अक्षरी-आकडी सीएनआर नंबर असतो, महाराष्ट्रातल्या केसचा नंबर ‘एमएच’ने सुरू होतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, कोर्ट, वादी-प्रतिवादीची नावं सगळं दिसतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला एवढं काम सांगा, एरवी रील बघतोच.

फोनवरून येणारं ‘कोर्ट’ मात्र शंभर टक्के खोटं. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे कोर्टासारखा देखावा, “तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, पैसे भरा” असले फोन सुशिक्षित लोकांनाही फसवतात. कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. तसंच ‘तुमच्या गाडीचं चलान लोकअदालतीत आहे, ही फाईल उघडा’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल आली तर हात लावू नका, खातं रिकामं होईल. चलान बघायचं तर वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

लोकअदालतीत बसतं कोण आणि होतं काय

वर्षातून साधारण चार वेळा देशभर एकाच दिवशी राष्ट्रीय लोकअदालत भरते. आपल्या भागातल्यांना पालघरच्या कोर्टात जावं लागतं. सरावलीहून बोईसर स्टेशन, तिथून उमरोळी सोडलं की पालघर. कोळगावला जिल्हाधिकारी कार्यालय झाल्यापासून बरेच जण चुकून तिकडे उतरतात, कारण ‘सगळी ऑफिसं तिकडेच गेली’ असं डोक्यात असतं. नोटिशीवरचा पत्ता नीट बघून निघा.

आत पॅनल बसलेलं असतं. साधारणपणे एक न्यायाधीश (चालू किंवा निवृत्त), सोबत वकील, समाजसेवेतलं माणूस. हे पॅनल निकाल देत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तुमचं ऐकतं, समोरच्याचं ऐकतं, मधला रस्ता सुचवतं. पटलं तर सही, नाही पटलं तर नमस्कार करून बाहेर. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पंजाबच्या एका प्रकरणात हे स्पष्टच सांगितलंय की लोकअदालतीला कुणाच्या मर्जीविरुद्ध स्वतःहून रक्कम ठरवायचा, निवाडा द्यायचा अधिकार नाही. तडजोड झाली नाही तर चालू केस जिथे होती तिथे परत जाते. दाखलपूर्व असेल तर दोघांनाही पुढचा रस्ता मोकळा.

कोर्ट फी लागत नाही. आधी भरलेली असेल आणि केस तिथे मिटली तर परत मिळते. वकील नसला तरी चालतं. हे सगळं गोड. आता तिखट बाजू.

सही झाली की संपलं. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद आहे आणि त्याच्यावर अपील नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ मध्येच ते लिहिलंय. फसवणूक झाली, सहीच आपली नव्हती, अशा मोजक्या कारणांवर थेट हायकोर्टात जाता येतं, पण तो रस्ता तुमच्या-माझ्या खिशाचा नाही. ‘आत्ता करून टाकू, नंतर बघू’ हे इथे चालत नाही. हप्ते कबूल केले आणि थकवले तर समोरचा सरळ वसुलीची दरखास्त टाकतो, पुन्हा पहिल्यापासून केस चालत नाही. चेकच्या फौजदारी केसमध्ये झालेली तडजोडही अशीच हुकूमनामा म्हणून वसूल होते, हे २०११ पासून ठरलेलं आहे.

म्हणून सहीआधी कागद वाचायचा, वाचता येत नसेल तर पॅनललाच मोठ्याने वाचून दाखवायला सांगायचं. लाजायचं नाही, ते त्यांचं कामच आहे. एकूण आकडा किती, त्यात व्याज धरलंय की सोडलंय, हप्त्यांच्या तारखा कोणत्या, एक हप्ता चुकला तर काय, आणि याच विषयाच्या बाकीच्या केसेस समोरचा मागे घेणार की नाही, एवढं कागदावर दिसलं पाहिजे. तोंडी कबुलीला तिथे किंमत नाही. गर्दी असते, नंबर पुकारतात, घाई होते, सगळं खरं. पण दहा मिनिटं मागून घ्या.

बँकेच्या बाबतीत एक गोष्ट कुणी सांगत नाही. कर्जाची रक्कम कमी करून मिटवली की सिबिलमध्ये ते खातं ‘सेटल्ड’ असं लागतं, पूर्ण फेडल्यासारखं दिसत नाही. पुढच्या वर्षी पीककर्ज किंवा ट्रॅक्टरचं कर्ज काढायला गेलात की बँकवाला तेच बोट ठेवतो. तरीही मिटवणं शहाणपणाचं असू शकतं. दोन्ही बाजू माहीत असून सही करा आणि पैसे भरल्यावर ‘येणे नाही’चा दाखला मागितल्याशिवाय उठू नका.

सगळंच तिथे मिटत नाही. खून, बलात्कार, बालकांवरचे अत्याचार, अ‍ॅट्रॉसिटी असले गुन्हे तडजोडीचे नाहीत. गावात बसून कुणी ‘लोकअदालतीत मिटवू’ म्हणत असेल तर तो आरोपीच्या बाजूचा समजा. घटस्फोटही लोकअदालतीत देत नाहीत. पोटगीचं, भांडीकुंडी-दागिने परत देण्याचं बोलणं मात्र होतं.

विधी सेवा म्हणजे पूजा नव्हे

विधी म्हटलं की आपल्याकडे लोकांना सत्यनारायण आठवतो. त्यामुळे ‘विधी सेवा समिती’ अशी पाटी कोर्टात असूनही आत कुणी जात नाही. ते मोफत वकील देणारं कार्यालय आहे. ज्या तालुक्याच्या ठिकाणी कोर्ट आहे, म्हणजे आपल्याकडे पालघर, डहाणू, वाडा, जव्हार, वसई, तिथे तालुका विधी सेवा समिती असते. तालुक्यातले सगळ्यात ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. वर जिल्हा प्राधिकरण, त्याच्यावर मुंबईत राज्याचं आणि दिल्लीत राष्ट्रीय. राज्यघटनेत १९७६ साली कलम ३९-अ आलं, गरिबीमुळे कुणी न्यायाला मुकू नये म्हणून. त्यासाठीचा कायदा १९८७ चा, पण अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. म्हणून ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो आणि त्या आठवड्यात शाळांतून फेऱ्या निघतात.

मोफत वकील कुणाला? आपल्या तालुक्यांचा विचार केला तर बहुतेक सगळ्यांनाच. कुठलीही स्त्री, मग ती बंगल्यात राहणारी असो, तिला उत्पन्नाची अट नाही. मुलं, अनुसूचित जाती आणि जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीत किंवा तुरुंगात असलेले, वेठबिगारीत अडकलेले, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा कारखान्यातल्या दुर्घटनेत सापडलेले आणि औद्योगिक कामगार, यांनाही उत्पन्न विचारत नाहीत. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मिळतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीचा बराचसा समाज जातीच्या दाखल्यावरच बसतो. आमच्या सरावली, पास्थळ, सालवडच्या चाळींतला कंपनी कामगारही बसतो.

अर्ज साध्या कागदावर, मराठीत. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथे लिहून घेतात. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, सगळा खर्च समितीचा. नेमलेला वकील पैसे मागत असेल तर द्यायचे नाहीत, समितीच्या अध्यक्षांना लेखी कळवायचं. लोकांना वाटतं फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील. कधी अनुभव तसा येतोही, खोटं कशाला बोलू. काम होत नसेल तर वकील बदलून मागता येतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

पालघरला जायला जमत नसेल तर १५१०० हा मोफत फोन आहे. गावपातळीवर ‘विधी स्वयंसेवक’ असतात. २००९ पासून ही पद्धत आली. शिक्षक, अंगणवाडीताई, बचत गटातल्या बाया, निवृत्त माणसं यांना थोडं प्रशिक्षण देऊन नेमतात. ते वकील नाहीत, पण अर्ज लिहून देतात, कुठल्या दारात जायचं ते सांगतात. तुमच्या गावाला कोण नेमलंय ते समितीत विचारा.

कोर्ट गावात येतं तेव्हा

कायदेविषयक शिबिर तुम्ही पाहिलंच असेल. ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा आश्रमशाळा, मागे बॅनर, पुढे न्यायाधीश साहेब, वकील संघाचे लोक, पोलीस ठाण्याचे अधिकारी, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असा शासन निर्णय आहे, तोंडात अजून ग्रामसेवकच बसलंय). शाल-नारळ होतो, भाषणं होतात. फिरतं लोकन्यायालय नावाची गाडीही राज्यभर तालुक्यातालुक्यात फिरते, त्यात बसून छोटे वाद जागेवर मिटवतात.

माझी तक्रार वेळेबद्दल आहे. सकाळी अकराचं शिबिर, ते पण लावणीच्या दिवसात. बाया चिखलात, पुरुष एमआयडीसीत पहिल्या पाळीला. मग समोर कोण? शाळेची पोरं आणि पंचायतीचे सदस्य. पोरांना सांगणं वाईट नाही, बालविवाहाची माहिती त्यांच्यामुळेच घरात पोचते. पण ज्याच्या हातात नोटीस आहे तो माणूस त्या हॉलमध्ये नसतो. आठवडे बाजाराच्या दिवशी बाजाराच्या तोंडाशी टेबल टाकून एक वकील बसला तरी दहा शिबिरांचं काम होईल. हे गावालाही मागता येतं. ग्रामसभेत ठराव करून ग्रामपंचायतीने समितीला पत्र द्यायचं, वेळ आणि विषय आपण सुचवायचा.

जास्त उपयोगाचा प्रकार म्हणजे महाशिबिर आणि शासकीय योजनांचा मेळावा. यात विधी सेवा प्राधिकरण महसूल, पंचायत समिती, आदिवासी विकास, आरोग्य, पोलीस, बँका अशा खात्यांना एका मैदानात बोलावतं आणि प्रत्येकाचा स्टॉल असतो. जातीचा दाखला, संजय गांधी निराधारचा अर्ज, रेशनकार्डातलं नाव, आधारची दुरुस्ती, एरवी प्रत्येकासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. जाताना मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स न्या. अर्ज दिला की पोच घ्या. मेळाव्यात अर्ज स्वीकारला म्हणजे काम झालं असं नाही, हे मी चांगलंच शिकलोय. मात्र कोर्टाच्या पुढाकाराने आलेल्या अर्जाचा पाठपुरावा समितीकडे करता येतो, आणि तिथून विचारणा झाली की टेबल जरा लवकर हलतं.

तंटामुक्ती समितीची जागाही यातच आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हा गावोगाव जोर होता. आता बऱ्याच ठिकाणी समिती फक्त ग्रामसभेच्या वहीत आहे. जिथे जागी आहे तिथे फार काम होतं, कारण बांधावरचं भांडण गावातल्या माणसाला जितकं कळतं तितकं कुणाला कळत नाही. पण समितीसमोर लिहिलेला कागद म्हणजे दोघांमधला करार, कोर्टाचा हुकूम नव्हे. उद्या एकाने शब्द फिरवला तर परत शून्यातून. तीच तडजोड लोकअदालतीपुढे ठेवून निवाडा करून घेतला तर कागदाला ताकद येते. दोन्ही बाजू खुशीत असतानाच हे उरकायचं.

जमिनीची भांडणं

आपल्याकडे निम्म्याहून जास्त डोकेदुखी हीच, आणि सगळ्यासाठी कोर्ट लागत नाही.

शेतात जायचा रस्ता अडवला तर पहिलं दार तहसीलदाराचं. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे, पण आजही चालतो. अट एवढीच की अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. आपण काय करतो, पहिलं वर्ष भांडतो, दुसरं वर्ष अबोला धरतो आणि तिसऱ्या वर्षी वकील शोधतो. भावाभावांत वाटणी करायची आणि सगळे राजी असतील तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडेच वाटप होतं. एक जरी अडला तर मग दिवाणी दावा. बांधाचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेखाकडे मोजणी करा. मोजणीचा नकाशा हातात नसताना लोकअदालतीत ‘चार फूट सोडतो’ म्हणून केलेली तडजोड पुढे कुठून चार फूट यावरून पुन्हा कोर्टात येते.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, गहाण ठेवणं, लांब मुदतीच्या भाड्याने देणं यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चं बंधन आहे. त्याला आधी जिल्हाधिकारी पातळीवरची परवानगी लागते. दोघे राजी आहेत म्हणून स्टॅम्प पेपरवर लिहून किंवा ‘तडजोड’ नाव देऊन ते बंधन सुटत नाही. बोईसरच्या आजूबाजूला चाळी आणि गोडाऊनसाठी असे कागद करून घेणारे फिरत असतात. सहीआधी समितीत जाऊन फुकट सल्ला घ्या.

वनहक्काचा दावा फेटाळला तर कारण लेखी मिळालं पाहिजे. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे, दोन्ही ठिकाणी ६० दिवसांत दाद मागता येते. हा अर्ज लिहायलाही विधी सेवा समितीची मदत घेता येते. राष्ट्रीय प्राधिकरणाची आदिवासींच्या हक्कांसाठी २०१५ सालची वेगळी योजनाच आहे.

आणि भूसंपादन. बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, एकाच जिल्ह्यातून सगळे चाललेत. मोबदल्यावर बहिणीची किंवा चुलत्याची हरकत आली की पैसे अडकतात आणि वाद संपेपर्यंत तसेच पडून राहतात. असल्या हिश्श्याच्या वादात लोकअदालत खरंच कामाची आहे. बहिणीचा हिस्सा कायद्याने आहे, तो डावलून केलेली तडजोड टिकत नाही, हे धरूनच बसा.

घरातला त्रास, कारखाना, अटक

घरात मारहाण, छळ होत असेल तर २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. ते महिला व बालविकास खात्याचे असतात आणि कोर्टासाठी अहवाल तयार करून देतात. घरात राहण्याचा हक्क, खर्च, संरक्षण एकाच अर्जात मागता येतं. कायदा ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, पण मधल्या काळासाठीचा हुकूम लवकर मिळू शकतो. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. बलात्कार, बालकांवरचा लैंगिक अत्याचार किंवा अ‍ॅसिड हल्ला झाला तर मनोधैर्य योजनेची मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते, निकालाची वाट बघावी लागत नाही. बालविवाह होत असेल तर गावात प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच आहे. त्याला सांगा, नाहीतर १०९८.

कारखान्याबद्दल थोडक्यात. ११ जानेवारी २०२० ला तारापूर एमआयडीसीत स्फोट झाला, ८ जण गेले. अशा वेळी पहिला प्रश्न येतो की माणूस कामावर होता याचा पुरावा काय. कंत्राटी कामगारालाही अपघाताच्या भरपाईचा हक्क आहे. पण ठेकेदार हात झटकतो आणि कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते. गेटपास, हजेरी कार्ड, पगाराची नोंद यांचे फोटो काढून घरच्यांच्या फोनवर पाठवून ठेवा. आजच. चिल्हार फाटा, मनोर, चारोटीच्या हायवेवर अपघात झाला तर भरपाईचा दावा ६ महिन्यांत टाकायची मुदत १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात आहे. तेराव्यानंतर बघू म्हणता म्हणता ती निघून जाते.

घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं तर कुठे नेलं, का नेलं हे घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. तिथे ‘वकील नाही’ एवढंच म्हटलं तरी वकील मिळतो. २०२२ पासून फौजदारी केसेससाठी पूर्णवेळ वकिलांचं ‘लोकअभिरक्षक कार्यालय’ जिल्ह्याजिल्ह्यात सुरू झालं, खाजगी फी नाही. आणि तुम्ही फिर्यादी असाल तर एफआयआरची नक्कल फुकट मिळाली पाहिजे. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ च्या नव्या कायद्यात ते साफ लिहिलंय.

काकींचं पुढे काय झालं ते राहिलं. तारखेला मी त्यांना घेऊन पालघरला गेलो. पॅनलपुढे दहा मिनिटं लागली. तेवीसशे दोन हप्त्यांत भरायचे ठरले, सहीच्या जागी अंगठा झाला, त्याआधी मॅडमनी कागद दोनदा वाचून दाखवला. बाहेर आल्यावर काकींनी विचारलं, “एवढंच?” मग चहा प्यायलो आणि तीनच्या मेमूने परत आलो.